अंदाजाने घाल!

"स्वयंपाक येतो का?" हा प्रश्न आपल्याकडे मुलीला दहावी झाल्यापासून विचारला जातो. मुलाला विचारतात, "सीईटीला किती मिळाले?" आणि चार वर्षांनी, "पॅकेज किती?" मुलगा विसाव्या वर्षी प्रोग्रॅम लिहितो, लेथवर जॉब काढतो, ऑटोकॅडमध्ये अख्खा गिअरबॉक्स उभा करतो. पण गॅसवर भात ठेवून आई बाहेर गेली, तर तिला तीनदा फोन करतो. याचं कुणाला काही वाटत नाही. उलट कौतुकाने सांगितलं जातं, "आमच्या बाळाला साधा चहासुद्धा येत नाही हो!"

मंडळी, मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पान उलटायचं आहे त्यांनी खुशाल उलटावं. माझं म्हणणं असं, की कॉलेजातून बाहेर पडण्याआधी आपल्यापैकी प्रत्येकाने, मुलगा असो की मुलगी, आपल्या घरचं निदान एक कालवण चुलीपाशी उभं राहून शिकून घ्यावं. आणि ते एकमेकांना शिकवण्यासाठी आपल्या होस्टेलच्या मेसचं किचन महिन्यातून दोन रविवारी आपल्याला मिळावं. पहिली गोष्ट आपल्या हातात आहे, दुसरी रेक्टर सरांच्या.

आता कुणी म्हणेल, हा तर डे-स्कॉलर! वसईत घरी राहतो, रोज आईच्या हातचं जेवतो, होस्टेलच्या किचनशी याचा काय संबंध? संबंध आहे. माझ्या डब्यातलं कालवण गेली तीन वर्षं रोज सहा जण खातात. त्यात मी सहावा असतो. डबा उघडल्यावर जळगाव, लातूर, सांगली आणि चंद्रपूर यांचे जे चेहरे होतात, ते बघूनच हा विषय सुचला.

आधी शब्दाचं बघू. मी शिकलो कॉन्व्हेंटमध्ये. तिथल्या इंग्रजी पुस्तकांत आपल्या सगळ्या पातळ पदार्थांना एकच नाव होतं, करी. घरी मात्र माशाचं ते कालवण, कोंबडीचा तो रस्सा, डाळीची ती आमटी, कोकमाचं ते सार आणि ताकाची ती कढी. "आज करी केली आहे," असं आमच्या घरात कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. शब्द वेगळे आहेत कारण कृती वेगळ्या आहेत. कशात वाटण आधी भाजायचं, कशात कच्चंच घालायचं, कशाला उकळी येऊ द्यायची आणि कशाला मुळीच येऊ द्यायची नाही, हे सगळं त्या एकेका शब्दात बसलेलं असतं. हॉटेलातल्या मेनूकार्डावर सगळ्याची "ग्रेव्ही" झाली, की हा फरक खाणाऱ्याच्या जिभेवरून आधी जातो आणि करणाऱ्याच्या हातातून नंतर.

आता मूळ अडचण. घरचा स्वयंपाक शिकायला गेलं की एकच उत्तर मिळतं.

"आजी, मीठ किती घालू?"
"लागेल तेवढं."
"म्हणजे किती?"
"अरे, अंदाजाने घाल!"

आपल्यासारख्या इंजिनिअर लोकांना हे ऐकून हसू येतं. युनिट नाही, टॉलरन्स नाही, अंदाज म्हणजे काय? पण मी इन्स्ट्रुमेंटेशनचा विद्यार्थी आहे आणि माझं मत असं, की अंदाज हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरला ओपन लूप आणि क्लोज्ड लूप यांतला फरक आपण पाच मार्कांसाठी लिहितो. ओपन लूपमध्ये ठरलेला इनपुट द्यायचा आणि आउटपुटकडे बघायचंच नाही. क्लोज्ड लूपमध्ये आउटपुट मोजत राहायचं आणि चूक दिसली की इनपुट बदलायचा. पुस्तकात बघून "एक चमचा तिखट, दोन वाट्या पाणी" घालणं हे ओपन लूप. आजी जे करते ते क्लोज्ड लूप. यंदाची मिरची जास्त तिखट आहे, नारळ जून निघाला, कोळंबीला पाणी सुटलं, चिंच जुनी आहे. यांतली एकही गोष्ट पुस्तकाला माहीत नसते. आजीला ती वासावरून, रंगावरून आणि तळहातावर घेतलेल्या थेंबाच्या चवीवरून कळते, आणि तिचा हात त्याप्रमाणे बदलतो. सेन्सर, कंट्रोलर आणि ॲक्च्युएटर, सगळं एकाच माणसात!

आणि हा अंदाज ढोबळ असतो असंही नाही. गेल्या मे महिन्यात मी स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन बसलो आणि आजीला म्हटलं, धण्याची एक मूठ दे. मग दुसरी, मग तिसरी. २२ ग्रॅम, २३ ग्रॅम, २२ ग्रॅम. आमच्या लॅबमधल्या काही उपकरणांची रिपीटेबिलिटी इतकी चांगली नाही! फक्त हे उपकरण पंच्याहत्तर वर्षांचं आहे आणि त्याचं मॅन्युअल कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मॅन्युअल नाही म्हणजे शास्त्र नाही, असं मात्र समजू नका. कांदा-खोबऱ्याचं वाटण आधी कोरडं किंवा तेलावर भाजून का घेतात? कारण पाणी उकळतं १०० अंशांना, आणि रश्श्यात पाणी आहे तोवर त्याचं तापमान त्याच्या फारसं वर जात नाही. भाजल्याचा तो तपकिरी रंग आणि खमंग वास चांगला यायचा, तर १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचं नाव मिळालं. आपल्या पणज्या तेव्हाही खोबरं आधीच भाजत होत्या. वाटण पाण्यात पडलं की ती संधी गेली, हे त्यांना ठाऊक होतं.

माशाच्या कालवणात आंबट का? कोकम, चिंच किंवा कैरीतल्या आम्लामुळे माशाचा उग्र वास मारला जातो. मासा सर्वांत शेवटी का घालायचा? कारण त्याचं मांस बोकडासारखं चिवट नसतं. पाच-सात मिनिटांत शिजतं आणि जास्त ठेवलं की विरघळून जातं. नारळाचं पातळ दूध आधी आणि घट्ट दूध शेवटी का? कारण घट्ट दूध खळाखळा उकळलं की फाटतं. ताजे बोंबील तळण्याआधी पाट्याखाली दाबून का ठेवायचे? कारण बोंबलात पाणीच फार; ते काढलं नाही तर तळताना तव्यावर नुसता लगदा होतो. हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर आणि केमिस्ट्री हे विषय आपण सेमिस्टरला घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. स्वयंपाकघरात ते रोज दोनदा प्रॅक्टिकलला असतात, आणि तिथे जर्नल कॉपी करून चालत नाही.

प्रेशर कुकरचंच घ्या. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली वाफेच्या दाबाखाली अन्न शिजवणारं भांडं बनवलं. ते फुटू नये म्हणून त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला, आणि वाफेच्या इंजिनाच्या दिशेने पुढे जे विचार झाले त्यांतही हाच माणूस होता. म्हणजे स्वयंपाकघर आणि इंजिनिअरिंग यांचं नातं मी ओढूनताणून जोडत नाही, ते आधीपासूनच आहे!

आता माझ्या गावाकडे येतो. वसईतल्या आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांत एप्रिल-मे हा मसाल्याचा हंगाम. दोन-तीन प्रकारच्या मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, मिरी, दालचिनी, लवंग, गहू, चणे असे वीस-पंचवीस जिन्नस. काही घरांत तीसही. सगळं आधी कडक उन्हात वाळवायचं, मग एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. वेगळा, कारण खसखस जळते तेव्हा धणे अजून कच्चेच असतात. मग कुटायचं, चाळायचं आणि बिअरच्या गडद रंगाच्या बाटल्यांत काठीने दाबून दाबून भरायचं. म्हणून याचं नावच बॉटल मसाला. बाटली गडद का? उजेडाने मिरचीचा रंग उडतो. अरुंद तोंडाची आणि दाबून भरलेली का? आत हवा कमी राहते. पावसाळ्याआधी भरलेली बाटली पुढचं वर्षभर चालते. पॅकेजिंग टेक्नॉलॉजीचा हा धडा कुणा कंपनीने शिकवलेला नाही.

पूर्वी मसाला कुटणाऱ्या बाया घरोघरी यायच्या. लाकडी उखळाभोवती दोघी-तिघी उभ्या राहून आळीपाळीने मुसळ मारायच्या. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळायचं, पण ताल चुकायचा नाही. आता बहुतेक मसाला डंकीवर जातो. त्याचं मला वाईट वाटत नाही. कमरेचा काटा ढिला करणारं काम यंत्राने केलं तर चांगलंच आहे, त्यासाठीच तर आपण शिकतो आहोत. पण कुठला जिन्नस किती भाजला की कढई उतरवायची, हे डंकीला कळत नाही. ते आजीला कळतं. तिची नजर आता अधू झाली आहे, ती वासावरून सांगते. आणि तिच्या शेजारी उभं राहून तो वास ओळखायला शिकलेली माणसं आमच्या घरात मोजून दोन आहेत, एक आई आणि अर्धा मी. ही गोष्ट मला खरंच काळजीची वाटते. जमिनीचा सातबारा असतो, सोन्याची पावती असते. या मालमत्तेचा कागद कुठेच नाही.

कुणी म्हणेल, मग लिहून ठेवा! जरूर. लिहून ठेवण्याची परंपरा मराठीत आहेच. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापात पदार्थ सांगून त्याने कितीतरी नवख्या संसारांना हात दिला. आईपासून लांब असलेल्या मुलीला हातात धरायला काहीतरी मिळालं. आज यूट्यूबवर तर हवा तो पदार्थ दहा मिनिटांत दिसतो. मी दोन्हींच्या विरोधात नाही. पण पुस्तक आणि व्हिडिओ फक्त सेट पॉइंट देतात, फीडबॅक देत नाहीत. मोबाईलच्या पडद्यातून वास येत नाही. "आता बंद कर" असं म्हणणारा माणूस शेजारी लागतोच. आणि आपल्या घरच्या कालवणाची नेमकी कृती यूट्यूबवर नाही. तिथे "फिश करी" आहे.

दुसरीकडे, घरचं म्हणजे शुद्ध, सनातन, कधीच न बदललेलं असाही एक सूर असतो. त्यालाही माझा विरोध आहे. ज्या मिरचीवाचून आपलं एकही कालवण होत नाही ती मुळात अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती इथे आणली. त्याआधी आपल्या जेवणाला तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी आणि आल्याचा. मिरचीचं नावसुद्धा मिरीवरून! वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. दोनशे वर्षांनी राज्य गेलं, पण पाव, बटाटा, काजू, अननस, पपई हे शब्द आणि पदार्थ आपल्याकडेच राहिले. गोव्याचं विंदालू हे नावही वाईन आणि लसूण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आलं. त्यातल्या 'आलू'चा बटाट्याशी काही संबंध नाही. तेव्हा आज आपण ज्याला "आमचं पारंपरिक" म्हणतो, ते कधीकाळी कुणीतरी शेजाऱ्याच्या चुलीत डोकावून शिकलेलं आहे. शिकण्याची ती सवय हीच खरी परंपरा, असं मला वाटतं.

आणि शेजारी म्हणाल तर आपल्या होस्टेलइतके शेजारी कुणाला मिळतात? घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण प्रत्येक चुलीवरचा मसाला वेगळा. दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांतल्या ट्रंका उघडून बघा. सांगलीच्या ट्रंकेत कांदा-लसूण मसाला, जळगावच्या ट्रंकेत खानदेशी काळा मसाला, लातूरवाल्याकडे येसर, सावंतवाडीवाल्याकडे मालवणी मसाला आणि पुण्याच्या पोराकडे गोडा मसाला. महाराष्ट्राचा सगळा नकाशा कपाटाच्या खालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या डब्यांत बंद! त्याचा उपयोग काय होतो? मेसच्या डाळीवर वरून भुरभुरायला. आईने उन्हात बसून केलेला मसाला आणि त्याचं हे असं चीज.

उलट, वसईत तीन-चार वर्षं काढून जाणाऱ्या होस्टेलवाल्यांना वसई किती कळते? आगाशीचं भुजिंग, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि पोहे एकत्र, हे बहुतेकांनी खाल्लेलं असतं, कारण ते विकत मिळतं. पण वाडवळ घरांतली उकडहंडी, आमच्याकडचे नाताळातले फुगे, राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळलेल्या बोंबलांचं कालवण, हे कुणी घरी बोलावल्याशिवाय मिळत नाही. मग वसई म्हणजे काय, तर गर्दीची विरार लोकल आणि पावसात तुंबलेलं पाणी!

लोकलवरून आठवलं. विरारला जाणाऱ्या गाडीच्या लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या, लसूण सोलणाऱ्या, मटार काढणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो कौतुकाने छापून येतात. मला त्या फोटोत कौतुकापेक्षा दुसरंच काहीतरी दिसतं. दिवसभर ऑफिस करून, लटकत प्रवास करून, घरी पोचण्याआधीच ज्यांची दुसरी पाळी सुरू झाली अशा त्या बायका आहेत. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. त्यात दिसलं, की दिवसात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांचाही वेळ बघा. स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुष ९७. म्हणजे तिची जवळजवळ पाच तासांची शिफ्ट, आणि पगार काय, तर "आईच्या हातची चव काही औरच" हे वाक्य.

म्हणून सांगतो मित्रांनो (मैत्रिणींना हे सांगायची गरज नाही), आईच्या हातच्या चवीबद्दल भावुक व्हायचं आणि स्वतःचा हात मात्र कढईला लावायचा नाही, हे आता शोभत नाही. चव टिकावी असं वाटत असेल तर काम वाटून घ्यावं लागेल. "लग्न झाल्यावर बायको करील," असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की आपल्या वर्गातल्या मुलींनाही तेच पॅकेज हवं आहे जे तुम्हाला हवं आहे, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींचे पॉइंटर तुमच्यापेक्षा बरे आहेत.

"वेळ कुठे आहे?" हा शेवटचा आक्षेप. सबमिशन, व्हायवा, प्लेसमेंट... मान्य. रोज कुणी स्वयंपाक करावा असं मी म्हणतच नाही. मेसला नावं ठेवायचाही हेतू नाही. तीनशे जणांचं जेवण दिवसाला दोनदा वेळेवर काढणं सोपं नाही. पण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, हे सर्वांना माहीत आहे. त्या संध्याकाळी होस्टेल काय करतं? अर्धं होस्टेल झोमॅटोवर पैसे घालवतं, पाव होस्टेल किटलीत मॅगी शिजवतं, आणि उरलेले खोलीत कॉईलची शेगडी लपवून ठेवतात. ही शेगडी मात्र खरंच धोक्याची आहे. २००० वॉटची कॉईल २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढते आणि खोलीतलं सॉकेट ६ अँपिअरचं. इलेक्ट्रिकलच्या पोरांनी तरी हे करू नये! रेक्टर सर शेगड्या जप्त करतात ते योग्यच आहे. पण नुसती शेगडी जप्त केल्याने भूक जप्त होत नाही.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. महिन्यातून दोन रविवारी, संध्याकाळी पाच ते नऊ, मेसचं किचन विद्यार्थ्यांना द्यावं. एका वेळी सहा-आठ जणांचा गट, आणि त्या गटाने एका भागाचा एकच पदार्थ करायचा. एकदा खानदेशी शेवभाजी, एकदा कोल्हापुरी रस्सा, एकदा मराठवाड्याची येसर आमटी, एकदा वसईचं कालवण. सामानाची वर्गणी जेवणाऱ्यांनी द्यायची. भांडी ज्यांनी वापरली त्यांनीच घासायची, आणि इथे मुलगा-मुलगी भेद नाही. शाकाहारी आणि मांसाहारी भांडी वेगळी, म्हणजे कुणाची अडचण नको. गॅसपाशी एक जबाबदार स्टाफ मेंबर असावा. मेसच्या काकांची आणि मावशींची रविवारची हक्काची सुटी मात्र खायची नाही. त्यांच्यापैकी कुणी आपणहून थांबलं तर त्यांना त्या दिवसाचे पैसे मिळाले पाहिजेत. आणि स्टाफमधल्या सरांनी, मॅडमनीही आपल्या घरचा एखादा पदार्थ घेऊन यावं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांच्या हातचं पिठलं गुठळ्यांशिवाय होतं का, हे आम्हाला बघायचंच आहे!

यातून शेफ तयार होणार नाहीत. पण पुढे बंगळूरला, पुण्याला किंवा थेट जर्मनीला गेलेला आपला एखादा मित्र तिथल्या थंडीत कांदा-खोबरं भाजून बसेल, आणि कधी थांबायचं हे त्याला कळेल. मुंबईच्या डबेवाल्यांनी १८९० पासून घरचं जेवण ऑफिसात पोचवलं. पण डब्यातून जेवण पोचतं, हात पोचत नाही. तो शिकूनच न्यावा लागतो.

परीक्षा मे महिन्यात संपतील. घरी गेलात की पहिल्या आठवड्यातच एक पदार्थ निवडा. वही आणि जमलं तर वजनकाटा घ्या, आईच्या किंवा आजीच्या शेजारी उभे राहा आणि तिला मूठ मोजू द्या. ती हसेल, "आता हे काय खूळ?" म्हणेल. हसू द्या. तीनदा तिच्यासमोर करा, चौथ्यांदा ती स्वयंपाकघराबाहेर असताना करा. किचनच्या प्रस्तावाचं पत्र विद्यार्थी प्रतिनिधीकडे दिलेलं आहे, ज्यांना पटत असेल त्यांनी खाली सही करावी. पहिल्या रविवारी वसईचं कालवण करायची जबाबदारी माझी. मसाल्याची बाटली मी आणतो. भांडी घासायला चार जण हवे आहेत, नावं द्यावीत.

(तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन)